टाळ्या ऐकणारे कासमभाई

कासमभाई सोलकर गाण्यांच्या कॅसेटमधल्या फक्त टाळ्या ऐकतात. गाणी ऐकत नाहीत.

दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपली, जेवण झालं, की ते आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या पॅसेजमध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून बसतात. मांडीवर पुस्तकाएवढा चपटा टेपरेकॉर्डर, तीन आकड्यांच्या काउंटरवाला, आणि एका कानात इअरफोन. बटण दाबून कॅसेट पुढे पळवायची, काउंटरवर ठरलेला आकडा आला की थांबवायची आणि डोळे मिटून दहा-पंधरा सेकंद ऐकायचं. चेहऱ्यावर जे हसू येतं ते लग्नात जिलेबीचं ताट दिसल्यावर येतं तसलं. मग पुन्हा कॅसेट पुढे. दहा मिनिटांत कार्यक्रम खलास.

आता ही कॅसेट कव्वालीची असती तर मी एक अक्षर बोललो नसतो. पण ती निघाली इंग्लंडच्या त्या चौघांची. बँडचं नाव सांगत नाही. ज्याला कळायचं त्याला कळलं, आणि ज्याला कळत नाही त्याला मी गेली अठरा वर्षं दम्माममधल्या प्रत्येक मराठी स्नेहसंमेलनात सांगत आलोय, तरी कळलेलं नाही. त्यांचा तो लाइव्ह अल्बम, लंडनच्या सभागृहात प्रेक्षकांसमोर रेकॉर्ड केलेला, हे माझं दैवत आहे. माझ्याकडे त्याच्या सात आवृत्त्या आहेत. माझी बायको मंजिरी म्हणते, सातही सारख्याच वाजतात. तिला मी माफ केलंय.

मी नाशिकचा, तेलाच्या कामात इंजिनियर. या इमारतीत राहायला आलो त्या पहिल्याच शुक्रवारी सामान चढवताना कासमभाईंच्या मांडीवर ते कव्हर दिसलं आणि हातातला मिक्सर मी जवळजवळ सोडलाच. सौदीत, तळमजल्यावर, लुंगी नेसलेला, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस माझा अल्बम ऐकतोय! मी धावत जाऊन विचारलं, "कुठलं गाणं चाललंय?"

त्यांनी इअरफोन काढला. "गाना नाय साब. टाल्या."

"म्हणजे?"

"गाना काय, कुनीपन गातो. टाली मारनारा भेटाला पायजे."

हे त्यांचं आवडतं वाक्य. कासमभाई मूळचे दापोलीकडच्या खाडीकाठच्या गावातले. चाळीस वर्षांपूर्वी इथे आले आणि एका स्पेअर पार्टच्या कंपनीत स्टोअरकीपर झाले. अजूनही आहेत. कफील, म्हणजे इथले जामीनदार मालक, तीनदा बदलले, गोदाम तेच राहिलं. इतकी वर्षं नटबोल्ट सांभाळल्यामुळे त्यांच्या खोलीत मिठाच्या बरणीलासुद्धा रॅक नंबर आहे. आमच्याकडे चहाला आले तेव्हा मंजिरीला म्हणाले, "वैनी, तुमची साकर बी-दोनमदे ठेवा, मुंग्या सी-रॅकनं येतात." तिने ठेवली, आणि मुंग्या खरंच यायच्या थांबल्या. माझं दहा वर्षांत एकही ऐकलं नव्हतं तिने.

इथूनच माझं बिनसलं असावं. पण खरी ठिणगी पडली ती वेगळ्याच कारणाने.

मी एकदा त्यांना समजावायला गेलो. म्हटलं, कासमभाई, टाळ्या कुठेही मिळतात, हे चौघं पुन्हा होणार नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "माज्या टेपमदल्या टाल्या तुमच्या टेपमदे नाय."

"अहो, अल्बम एकच. टाळ्या त्याच."

"नाय साब. माज्यात येगल्या."

मी त्यांना वर घरी नेलं. माझे चांगल्यातले हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले आणि माझ्या सगळ्यात शुद्ध आवृत्तीतल्या टाळ्या एकामागून एक ऐकवल्या. त्यांनी मान खाली घालून मन लावून ऐकल्या. शेवटी हेडफोन काढून घडी करून ठेवत म्हणाले, "ह्या खऱ्या टाल्या हायत. भारी हायत. पन माज्यात ह्या नाय."

मग मला ऐकवा, म्हटलं. त्यावर त्यांनी कॅसेट बंडीच्या खिशात टाकली आणि मुलांना गोळी नाही म्हणतात त्या आवाजात "माफी मुश्किल, साब, माफी मुश्किल" म्हणत जिना उतरले. माफी मुश्किल म्हणजे काही अडचण नाही. अडचण सगळी माझीच होती.

वाचकहो, संग्राहकाचा मत्सर काय असतो हे ज्याने नुसती काड्यापेट्यांची लेबलं जमवली असतील त्यालाही कळेल. माझ्याकडे सात आवृत्त्या, आणि आठवी, ज्यात टाळ्या वेगळ्या आहेत, ती लुंगीवाल्या स्टोअरकीपरकडे! बरं, त्याला गाण्यातलं काही कळत नाही. गिटारला तो 'ता करवत' म्हणतो. कॅसेटच्या कव्हरवर आतल्या बाजूला निळ्या शाईत आकडे लिहिलेले मी एकदा चोरून पाहिले: १८८, २३१, २७४, ३१०, ३६५. मी ते पाठ केले आणि जगभरच्या संग्राहकांच्या एका इंटरनेट मंडळावर टाकले. हे कुठल्या कारखान्यातल्या साच्याचे क्रमांक असावेत? तीन देशांतल्या विद्वानांनी वाद घातला. एकाने छातीठोकपणे सांगितलं की त्या काळात आखातात विकल्या गेलेल्या एका अज्ञात आवृत्तीचे हे क्रमांक असून तीत दुसऱ्याच रात्रीचा कार्यक्रम आहे. त्या दिवशी मी जेवलो नाही.

मग मी लाच द्यायला सुरुवात केली. नवा कोरा प्लेअर देऊ केला. "माजा चालतो." अल्बमची पेटीबंद आवृत्ती देऊ केली. "ठेवाला जागा नाय, डी-रॅक भरला." शेवटी मंजिरीच्या पुरणपोळ्या डबाभर पाठवल्या. डबा परत आला तो सांदणं भरून, आणि ती इतकी हलकी, इतकी गोडसर की मंजिरी म्हणाली, "या माणसाकडून काय शिकायचं तर हे शीक." आता कॅसेटबरोबर सांदणांचाही राग आला.

त्या हिवाळ्यात मी इथल्या आमच्या मराठी मंडळात या अल्बमवर भाषण दिलं. दीड तास. पडद्यावर चित्रं दाखवली, सहा मिनिटांचा एक भाग ऐकवला. पहिल्या रांगेतले देशपांडे घोरले. मी थांबलो तेव्हा सभागृहात अशी शांतता की एसीचं पाणी बादलीत टपकताना ऐकू येत होतं. आणि मागच्या रांगेतून एकट्याने, उभं राहून, कासमभाईंनी टाळी वाजवली. मोकळ्या हाताची, ठणठणीत, पुरं अर्धं मिनिट. मग लाजेकाजेस्तव सगळ्यांनी वाजवली. चहाच्या वेळी लोक माझ्याकडे येतील म्हणून मी कप घेऊन मोक्याच्या जागी उभा राहिलो. सगळे कासमभाईंभोवती. "म्हणजे तुम्ही फक्त टाळ्या ऐकता? हो? का बरं?" दीड तास मी घसा फोडला आणि प्रश्न त्यांना!

त्या रात्री मी मंजिरीला स्पष्ट सांगितलं, मला त्या माणसाचा हेवा वाटतो. ती म्हणाली, "सांगायला उशीर केलास. इमारतीत सगळ्यांना माहीत आहे."

पुढच्या जूनमधली गोष्ट. शुक्रवार होता. बाहेर अशी आग की गाडीच्या दाराला हात लावायचा तर फडकं लागे. दुपारी बेल वाजली. दारात कासमभाई. टेपरेकॉर्डर दोन्ही हातांत धरलेला, आणि त्याच्या तोंडातून तपकिरी फितीचा गुंता लोंबत होता. तीन मजले चढून आले होते, पण धाप त्यामुळे लागलेली नव्हती.

"साब, गिललान ह्यानं," ते म्हणाले. "मशीननं गिलली टेप."

मी त्यांना बसवलं. मंजिरीने पाणी दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं.

"बाजारात गेलो. ता पोरगा बोलला, टाकून दे चाचा, आता मोबाइलवर सगला भेटतो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्या मोबाइलवर नाय भेटत. तुमीच करू शकता. तुमाला ह्याची माया हाय."

माया! मला लाज वाटली, पण हात पुढे झालाच. इतकी वर्षं जिच्यासाठी झुरलो ती आठवी आवृत्ती आपल्या पायांनी घरी आली होती.

"करतो," मी म्हटलं. "पण दुरुस्त झाल्यावर वाजवून बघावी लागेल. त्याशिवाय कळणार नाही."

त्यांनी हातातलं पाणी पिऊन टाकलं. मग म्हणाले, "गाने आयका. सगले आयका. टाल्या सोडा. नंबर आत लिवलेले हायत, तितं आयकू नका. येवडा करा."

म्हणजे आंबा हातात द्यायचा आणि फक्त साल खा म्हणायचं. आणि तीन देशांतल्या विद्वानांनी ज्यांवर वाद घातला ते आकडे नुसते काउंटरचे निघाले. मी बरं म्हटलं.

फीत सोडवायला सगळी दुपार गेली. बोटाने सुरकुत्या काढल्या. जुनं कवच तडकलं होतं म्हणून दोन्ही चकत्या नव्या कवचात बसवल्या, आणि त्यांचा टेपरेकॉर्डरही आतून साफ केला. जुनं कवच उलटून पाहिलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. कॅसेटच्या पाठीवर दोन छोट्या खाचा असतात. विकत घेतलेल्या गाण्यांच्या कॅसेटला त्या उघड्या ठेवतात, म्हणजे चुकून कुणी त्यावर रेकॉर्डिंग करू नये. या कॅसेटच्या खाचा बुजवलेल्या होत्या. पोस्टाच्या तिकिटांच्या कडेचा तो डिंकाचा कागद असतो ना, त्याच्या चिंध्यांनी. म्हणजे कुणीतरी या कॅसेटवर मुद्दाम काहीतरी भरलं होतं.

आता प्रामाणिकपणे सांगतो. मी कॅसेट त्यांच्याच टेपरेकॉर्डरमध्ये घातली, काउंटर १८८ वर नेला आणि बटण दाबलं. चुकून नाही, मुद्दाम.

टाळ्या नव्हत्या. खट्ट असा आवाज आला आणि एक बाई बोलायला लागली. तरुण आवाज, घाई घाई, धापा टाकत. "अस्सलाम आलेकुम. मी बरी हाय. एक गाना माज्याकडून जरासा बिगडला, रागाव नका. बाकीचे हात नाय लावले. अब्बाचा पाय आता बरा. मागल्या पडवीवर कवला घातली…" खट्ट. आणि दुसरं गाणं सुरू.

मी बटण बंद केलं. मंजिरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. "तुला नको म्हणाले होते ना?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. मला कानशिलात बसली असती तर बरं वाटलं असतं.

पुढचे नंबर मी सोडले. शपथेवर सांगतो, सोडले. पण गाणी ऐकायची मला परवानगी होती, आणि संग्राहकाचा किडा काही मरत नाही. कुठलं गाणं बिघडलं हे मला कळायला हवं होतं. कॅसेट सुरुवातीला नेली. पहिलं गाणं अल्बममधलं सगळ्यात लांब. त्यात निम्म्यावर एक फसवी जागा आहे. ड्रम थांबतो, गिटार थांबते, सगळं गार. नवखा ऐकणारा म्हणतो, संपलं. आणि चार-पाच सेकंदांनी चौघं एकदम पुन्हा तुटून पडतात. त्या जागी माझ्या सातही आवृत्त्यांत शांतता आहे. कासमभाईंच्या कॅसेटमध्ये नव्हती.

ते मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. आता माझ्याकडे अशी गोष्ट होती जी खुद्द कासमभाईंना माहीत नव्हती. ते दर शुक्रवारी हे गाणं झपाट्याने पळवत १८८ ला नेतात, म्हणजे तिथे पोचण्याची शक्यताच नाही. सांगितलं नाही तर ती फक्त माझी राहणार होती. खोटं कशाला बोलू, पाच मिनिटं मला ते आवडलं. मग मी कॅसेट आणि टेपरेकॉर्डर उचलले आणि खाली गेलो.

कासमभाई पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसले होते, रिकाम्या मांडीने. कॅसेट हातात घेऊन त्यांनी ती पुसली, नव्हती धूळ तरी पुसली. माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "आयकलात."

"एक. पहिली."

"चुकून?"

"नाही."

ते हसले. "मी असतो तर पाचपन आयकल्या असत्या. माफी मुश्किल." मग कॅसेटकडे बघत म्हणाले, "जैनब. माजी बायको. सा वर्सा झाली जाऊन."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. त्या काळी फोन कुठे होते? आखातातली माणसं कॅसेटमध्ये बोलून पत्रं पाठवायची, घरचे तशीच उत्तरं द्यायचे. एक गोरा फोरमन मायदेशी परत जाताना ही कॅसेट कासमभाईंना देऊन गेला होता. त्यांनी ती घरी जाणाऱ्या सामानात टाकली, चिकटपट्टी लावून वापरतील म्हणून. एके दिवशी गावचा कोणीतरी इकडे यायला दुपारच्या गाडीने निघाला, निरोप असला तर द्या म्हणाला, आणि घरात कोरी कॅसेट एकही नाही. जैनबने ही काढली. कव्हरवर चार गोरे बघून तिला वाटलं, नवऱ्याने हौसेने घेतलेली गाणी आहेत. त्यावर बोललं तर गाणी पुसली जाणार.

"मग तिनं काय केलान," कासमभाई म्हणाले, "एकेक गाना वाजवलान, संपायची वाट बगितलान, आनि टाल्या पडल्या की त्याच्यावर बोललान. तिला वाटला, गाना मोलाचा, टाल्या फुकट. टाल्या पुसल्या तर हरकत नाय. नंबर पन तिनंच आत लिवून धाडलान."

पाच गाण्यांच्या पाच टाळ्यांमध्ये एका बाईने सगळं घर बसवलं होतं. आणि पुढे जन्मभर, ते सुट्टीवर गेले की ती विचारायची, गाणी ऐकलीत का? हे म्हणायचे, रोज ऐकतो.

"एक पन नाय आयकला," ते म्हणाले. "माला ता करवतीचा आवाज सोसत नाय. पन तिनं राकून ठेवलेला. टाकू कसा?"

मी विचारलं, "एक गाणं बिघडलं म्हणते ती, ते कुठलं?"

"कोन बगतो? थोडासा पुसला असंल."

"कासमभाई, त्या तुम्हाला काय म्हणून हाक मारायच्या?"

या प्रश्नाला ते खळखळून हसले. "हाक? 'आयकलात?' बस. नाव कदी घेतला नाय. एकदा रेशनच्या हापिसात बाबू बोलला, नवऱ्याचा नाव सांगा. हिनं तोंड फिरवलान. बाबू चिडला. लायनीत सगली बोंब. शेवटी मागं उबी होती ती न्हावीण बोलली, लिवा, कासम सोलकर. मरेस्तोवर आयकला नाय मी माजा नाव तिच्या तोंडून."

मी टेपरेकॉर्डर त्यांच्या मांडीवर ठेवला, कॅसेट घातली, पार सुरुवातीला नेली. "आज पळवू नका," म्हटलं. "पहिलं गाणं आहे. सोसा जरा."

त्यांनी इअरफोन कानात घातला. कपाळाला आठ्या. मी काउंटर बघत होतो. गाणं मला काही ऐकू येत नव्हतं, पण त्याचा क्षण न् क्षण पाठ आहे. आता ड्रम. आता गिटार चढली. कासमभाईंनी दात आवळले. आता सगळं थांबलं.

तिथे, त्या चार-पाच सेकंदांत आणि पुढचं थोडं गाणं पुसत, खट्ट होतं आणि ती बाई हळू आवाजात, कुणी बघत नाही ना अशा आवाजात म्हणते, "आवाज जातो काय नाय ह्यात, कोन जाने… कासम." मग थांबते. "कासम… कासम सोलकर." आणि हसते. खट्ट. गाणं संपलं समजून तिने आवाज तपासायला पहिला शब्द जो तोंडात आला तो घातला होता. नंतर गाणं पुढे चालूच आहे हे कळल्यावर ती बिचारी घाबरली असणार आणि म्हणूनच माफी मागत होती.

कासमभाई हलले नाहीत. काउंटर पुढे चालला होता, म्हणजे त्यांच्या कानात चौघं गोरे पुन्हा तुटून पडले होते. त्यांनी बटणाकडे हात नेला नाही. मग माझं मनगट घट्ट धरून म्हणाले, "साब, नाव घेतलान. माजा नाव घेतलान."

"हो."

"दुसरा कोन कासम सोलकर नाय ना गावात?" असं स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच मान हलवली. डोळ्यांतलं पाणी दाढीत उतरत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "मागं न्या. पयल्यापासून लावा. गाना सोडू नका."

मी लावलं आणि वर निघालो. जिन्यात मला जे वाटत होतं त्याला दुसरं नाव नाही, हेवाच होता. सात आवृत्त्या आहेत माझ्याकडे.

दार उघडल्या उघडल्या मंजिरी आतून ओरडली, "शिरीष, खाली गेलास तर कचरा नाही का नेलास?"

मी म्हटलं, "पुन्हा म्हण."

"कचरा नाही का नेलास?"

"ते नाही. त्याच्या आधीचं."